पिवळ्या टिकल्या

माझी धाकटी जाऊ वाईट असती तर माझं आयुष्य किती सोपं झालं असतं. पण नाही, बाई गोड. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावणार, तेही सणाला एकत्र जमल्यावर, नेमकं मी भांडी घासत असताना, म्हणजे लावताना दिसणार ती एकटीच. मी इतकी वर्षं वस्तीत पाळणाघर चालवतेय, कामावर जाणाऱ्या बायांच्या पोरांची नाकं पुसतेय, आणि रस्त्यात कुणी भेटलं की विचारतं काय, तर "धाकट्या ताई बऱ्या आहेत ना?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

आता तिनंही संस्था काढलीय. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायचं आणि परत आणायचं. काल उगवलेली संस्था, पण कौतुक बघा. सासूबाई तर तिच्या पहिल्या सभासद.

यंदा पालिकेनं नवीनच काढलं. आमच्यासारख्या मागे पडलेल्या वस्तीत कुठल्या संस्थेला अनुदान द्यायचं, ते वस्तीनंच ठरवायचं. शाळेच्या हॉलमध्ये तीन फलक लागणार होते. एक माझ्या पाळणाघराचा. दुसरा धाकटीचा, तिला म्हाताऱ्यांसाठी गाडी हवी होती. तिसरा रिटायर झालेल्या कंडक्टरकाकांच्या मंडळाचा, त्यांना बसथांब्यावर बाक आणि वर छप्पर हवं होतं. तिघांतल्या दोघांना मिळणार. प्रत्येक मोठ्या माणसाला दोन गोल टिकल्या, पण दोन्ही एकाच फलकावर चिकटवायच्या नाहीत. शेजाऱ्याचाही थोडा विचार व्हावा, असं पालिकेच्या बाई म्हणाल्या. कुठून किती लोक आले ते कळावं म्हणून खालच्या गल्लीला पिवळ्या टिकल्या, वरच्या गल्लीला हिरव्या. आम्ही खालच्या गल्लीत राहतो, धाकटी आणि सासूबाई वरच्या.

मला ते अनुदान हवंच होतं. तपासणीस येऊन सांगून गेला होता, आग लागली तर पोरं बाहेर कशी काढणार? मागची भिंत फोडून बसथांब्याच्या बाजूला दुसरं दार करा, नाहीतर पाळणाघर बंद. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. त्या काळजीनं माझी झोप उडाली होती.

"दोघांना मिळणार आहे ना?" आमचे हे म्हणाले. "मग तुम्ही दोघी जावाच घेऊन टाका. खालची दुसरी टिकली तिला, वरची दुसरी तुला. झालं."

"म्हणजे दार माझं होणार आणि आरती तिची ओवाळणार."

"कोण ओवाळतंय?"

"तुमची आई."

हे पेपरात तोंड घालून बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसाला कधी गप्प बसायचं ते कळतं.

मी खालची गल्ली पिंजून काढली. एकूण एक आईला सांगितलं, घरच्या सगळ्यांची पहिली टिकली आपल्या पाळणाघराला, दुसरी कंडक्टरकाकांना. "बिचारे एकटे आहेत, त्यांना कोण देणार?" असं तोंडानं म्हणायचे. मनात होतं, कुठेही जाऊ दे, तिच्या फलकावर नको. बायांनी ऐकलं. पोरं माझ्याकडे असतात त्यांची, माझा शब्द कशाला मोडतील?

निकालाच्या दिवशी हॉल भरला होता. धाकटी सासूबाईंचा हात धरून आली, मला बघून हसली. आधी कुणाचं कुणाला दिसू नये म्हणून टिकल्या कागदाआड चिकटवल्या होत्या; पालिकेच्या बाईंनी फलकांवरचे ते कागद बाजूला केले.

कंडक्टरकाकांचा फलक पिवळाधमक. काका चष्मा पुसून परत परत बघत होते. धाकटीच्या फलकावर नुसत्या हिरव्या टिकल्या, पिवळी औषधालासुद्धा नाही. आणि माझ्या फलकावर पिवळ्या होत्याच, पण त्यांच्यामध्ये, कडेला, वरच्या कोपऱ्यापर्यंत हिरव्या. वरच्या गल्लीनं आपली दुसरी टिकली अख्खी माझ्या पदरात टाकली होती. आमची गल्ली मोठी, म्हणून पहिली मी, दुसरे काका. गाडी गेली.

कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. रंग दिसत होते. माझ्या बाया जमिनीकडे बघायला लागल्या. सासूबाई आधी त्या फलकाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. चार शब्द सुनावले असते तर मी आठ ऐकवले असते.

धाकटी जवळ आली. "वहिनी, दार होणार आता. मी आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं, पोरांचं आधी बघा म्हणून."

"आणि तुझी गाडी?"

"पुढच्या वर्षी बघू." तिचे डोळे भरले होते, पण हसत होती. रडली असती, भांडली असती, तर मी तिला जवळ घेतलं असतं. खरंच घेतलं असतं. पण त्या हसण्यानं माझा पुन्हा तिळपापड झाला. लाज वाटत होती, तरी जळतच होते. हरतानासुद्धा ही माझ्यापेक्षा वरचढ.

दार झालं. चांगलं रुंद, निळ्या रंगाचं. बाकही झाला, बरोबर दारासमोर. आता रोज सकाळी धाकटी कुणा ना कुणा म्हाताऱ्या माणसाला घेऊन तिथे बसची वाट बघत बसते. एक बस सोडायची, दुसरीची वाट बघायची, कारण गर्दीच्या बसमध्ये त्यांना चढवायचं म्हणजे काय खायचं काम आहे? आज सासूबाई होत्या. गुडघे धरून बसल्या होत्या. मला बघून धाकटीनं हात केला.

मी दार लोटायला गेले. पण तपासणीसानं बजावून ठेवलंय, आत पोरं असतील तोवर हे दार बंद करायचं नाही.