माटोळीतलं कॅनबेरा

धारगळच्या माटोळी स्पर्धेत गुरुदासकाका दरवर्षी हरत आला होता, आणि दरवेळी शेजारच्या जयरामकडूनच. यंदा त्याने तिठ्यावर जाहीर करून टाकलं: हरलो तर पुढच्या चतुर्थीला जयरामच्या माटोळीचे दोर मी वळीन.

गणपतीसमोर वर लाकडी चौकट टांगून तिला फळं, भाज्या, रानातली पानं बांधायची, ती माटोळी. काकाला यंदा चौकटीच्या पुढच्या कडेला बॉम्बर हवं होतं. त्याचा जन्म एकसष्टच्या डिसेंबरातला. त्याच दिवसांत, गोवा मुक्त करताना, आपल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळी विमानतळाची धावपट्टी फोडली, म्हणून गावात त्याला अजून बॉम्बर म्हणतात. मी त्याची पुतणी तनया, भौतिकशास्त्र शिकलेली, म्हणून रचना माझ्याकडे आली.

"पहिल्यांदा उडालं एकोणपन्नास साली, इंग्लंडात," मी सांगितलं. "मूळ आराखड्यात बंदूकच नव्हती. उंच आणि वेगात जायचं, बॉम्ब टाकून निसटायचं."

"जयरामासारखा. काम झाला की पसार!"

"भारताने सत्तावन्नच्या सुमारास घेतलं आणि दोन हजार सातपर्यंत वापरलं."

"पन्नास वर्सां! आमचो पंप दोन पावसाळे काढणा नाय."

दाबोळीला वैमानिकांना धावपट्टी फोडायची, पण इमारतीला धक्का लावायचा नाही असा हुकूम होता, हे ऐकून काका इतका खूश झाला की त्याने विमानाखाली केळीच्या पानाची धावपट्टी अंथरली आणि टोकाला इमारत म्हणून नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट ठेवलं.

दुधीचं धड, केळ्यांच्या फण्यांचे पंख, दोन तवशांची, म्हणजे जाड काकड्यांची, इंजिनं. वैमानिकाची काच म्हणून मी आंबाड्याचं फळ डावीकडे सरकवून बसवलं, कारण आपल्याकडच्या बॉम्बरमध्ये ती खरोखर तशीच होती. पोटात हिरव्या सुपाऱ्या आणि खाली केळफुलाच्या पातींची दारं. काकाला दोरी ओढून सुपाऱ्या पाडायच्या होत्या.

"देवासमोर बॉम्ब टाकतलास?" देवकीकाकी कडाडली. "आधी माका घराबाहेर काढ!"

म्हणून मी दारं कुम्याच्या, म्हणजे रानझाडाच्या सालीच्या, दोराने घट्ट बांधली.

चतुर्थीला परीक्षक सुलोचनाबाई डिचोलीहून आल्या, त्या नेमक्या आरतीला. मागोमाग घुमट हे मातीचं वाद्य घेऊन जयराम.

"गुरुदासा, ह्या विमान काय डुकर?" त्याने आंबाड्याकडे बघितलं. "आणि डोळो वाकडो!"

"डोळो नाय रे, काच ती. तुका कळाचा नाय."

जयराम हसला आणि थेट विमानाखाली बसून घुमट वाजवू लागला. लय वाढली. चौकट हलायला लागली. मी वजन मोजलं होतं, तोल साधला होता, पण टांगलेल्या चौकटीला स्वतःचा झोका असतो हे विसरले होते. पाळण्याला योग्य क्षणी हलका धक्का दिला तरी तो वाढत जातो. जयरामची थाप नेमकी त्याच क्षणी पडत होती, आणि ते त्याच्याही लक्षात आलं होतं. तो डोळे मिचकावत आणखी जोरात वाजवू लागला.

दारांची गाठ सुटली. सुपाऱ्या धडाधड केळीच्या पानावर आणि जयरामच्या टकलावर पडल्या. नेवऱ्यांच्या ताटात एकही नाही.

आरती थांबली. काकाचा चेहरा पांढराफटक पडला.

"वा!" सुलोचनाबाई उद्गारल्या. "धावपट्टी फोडली, इमारत शाबूत! आणि घुमटावर चालणारी यंत्रणा! बक्षीस इथेच. फक्त शनिवारी पेडण्यात समारंभात सगळ्यांसमोर हेच परत दाखवा."

काकीने हसू लपवायला तोंडाला पदर लावला.

संध्याकाळी काका नेवऱ्यांचं ताट घेऊन जयरामच्या पायरीवर उभा राहिला. मी मागे.

"जयरामा, शनिवारी घुमट घेऊन येशील?"

जयराम टक्कल चोळत म्हणाला, "येतंय. पण पुढच्या चवथीक माझे दोर कोण वळतलो?"

काकाने ताट खाली ठेवलं, पायरीवरचा कुम्याचा जुडगा ओढला आणि वळायला बसला.