विहिरीतला लाल पट्टा

“पोरं विहिरीत उतरवायची? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?” सोपानरावांनी ताटावरून मान वर केली.

सासऱ्यांचं एवढं लांब वाक्य ऐकून सुप्रियाला खरं तर बरंच वाटलं. तिच्या नवऱ्यानं, दादासाहेबांनी, जमिनीचा राहिलेला शेवटचा तुकडा गोदामवाल्या कंपनीला दिल्यापासून सोपानरावांनी घरात अबोला धरला होता. त्या तुकड्यात विहीर होती. तरुणपणी सोपानरावांनी सुरुंग लावून, बायकोनं, छबूबाईंनी, डोक्यावर पाट्या वाहून खोदलेली. छबूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता सोमवारी विहीर बुजवायला टिपर येणार होते, आणि त्या दिवशी आपण बहिणीकडे जाणार, हे सोपानरावांनी भिंतीकडे बघत सांगून टाकलं होतं.

“पाण्यापर्यंत नाही मामा, मधल्या पायऱ्यांपर्यंतच. दगड दाखवायचेत मुलांना.”

“दगडात काय बघायचं?” म्हणत ते हात धुवायला उठले.

सुप्रिया महाळुंग्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. खडकांचं वय कसं काढतात हा धडा तिनं इतक्यांदा शिकवला होता, की वाक्यं आपोआप तोंडात येत. या वेळी तिनं कंपन्यांच्या भंगारातले वायसर, नटाखालच्या लोखंडी चकत्या, आणले, एका बाजूला लाल रंग फासला आणि मुलांना डब्यात खुळखुळवून जमिनीवर ओतायला लावले. लाल बाजू वर आलेले बाजूला काढायचे, उरलेले पुन्हा ओतायचे. दर वेळी साधारण निम्मे गळत. कोणता वायसर गळेल ते सांगता येत नाही, पण ढिगाकडे बघून किती वेळा ओतलं ते सांगता येतं. दगडातलं एका प्रकारचं पोटॅशियम असंच हळूहळू गळतं आणि त्यातल्या काहीचा आर्गॉन वायू होतो. फक्त निम्मं व्हायलाच त्याला सव्वाशे कोटी वर्षं लागतात.

“आपल्या इथल्या काळ्या दगडाचं वय साडेसहा कोटी वर्षं,” तिनं सवयीनं सांगितलं.

मागच्या बाकावरच्या ओंकारनं विचारलं, “मॅडम, तुम्ही बघितलंय का पण? म्हणजे, तुम्हाला खरंच तेवढा जुना वाटतो?”

वर्ग हसला. सुप्रिया हसली नाही. आपल्याला तो कधी जुना वाटलाच नव्हता. तो नुसता आकडा होता. त्याच दुपारी तिला विहीर आठवली. सून म्हणून आल्यापासून तिनं त्या विहिरीचं पाणी मोटारीनं घरात घेतलं होतं, आत मात्र एकदाही डोकावली नव्हती.

शनिवारी सकाळी ती नववीच्या मुलांना घेऊन पोचली, तर पायऱ्यांवरच्या बाभळीच्या फांद्या तोडून एका बाजूला रचलेल्या. पायऱ्यांच्या कडेनं नवा कासरा ताणून बांधलेला. आणि खाली, पाण्याच्या जरा वर, पाय रोवून सोपानराव उभे.

“कासरा सोडायचा न्हाई कुनी,” त्यांनी वर बघून दरडावलं. “एकामागं एक या.”

मुलं मधल्या पायऱ्यांवर येऊन दाटीवाटीनं उभी राहिली. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. त्याखाली हातभर रुंदीचा विटकरी लाल पट्टा, विहिरीच्या पोटाभोवती सगळीकडून फिरलेला. आणि त्याखाली पुन्हा काळा कातळ.

“दोन कातळांतला जुना कुठला?” सुप्रियानं विचारलं.

“खालचा,” पूनम म्हणाली. “आधी भात वाढतात, मग वरण.”

“बरोबर. हे दोन्ही कातळ म्हणजे वाहत आलेला लाव्हा. उकळता असताना त्यातला वायू उडून जातो. थिजला, की पुढं तयार होणारा वायू आत कोंडला जातो. तो मोजला, की कधी थिजला ते कळतं. मग हा लाल पट्टा काय असेल?”

“गंज!” “वीट!” मुलांचा गलका झाला.

“गेरू हाय त्यो,” खालून सोपानराव म्हणाले. “हिच्या सासूनं चूल सारवाया नेला व्हता.”

“ती माती आहे, मामा.” सुप्रियानं हात लावला. भुसभुशीत लाल बोटांना लागलं आणि तिचा आवाज आपोआप खाली आला. “खालचा लाव्हा थंड झाला. मग किती तरी वर्षं त्याच्यावर ऊन पडलं, पाऊस पडला. दगड झिजून माती झाली. ही तेव्हाची जमीन. तिच्यावरून पुन्हा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली.”

वरच्या रस्त्यावरून जाणारा कंटेनर तेवढा ऐकू आला.

“मॅडम, मातीचं वय कसं काढायचं मग?” ओंकार हळूच म्हणाला.

“तिच्या खालच्या आणि वरच्या दगडाला विचारायचं. त्या दोघांच्या मधलं तिचं वय. नागपूरकडं अशाच थरांमध्ये ताडाची खोडं सापडलीत, गोगलगायी सापडल्यात, दगड झालेल्या. त्यांचंही वय असंच ठरवतात.”

सोपानराव दोन पायऱ्या चढून पट्ट्यापाशी आले. त्यांनी पंजा पसरून त्यावर ठेवला.

“हितं पाऊस पडला व्हता?”

“हो, मामा.”

“अन् बघाया कुनीच न्हाई.”

“माणूस नव्हताच तेव्हा.”

“आमाला वाटायचं, ह्यो खालचा दगूड अंधारातच जन्मला,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. “त्यानं ऊन बघितलं व्हतं म्हन की.”

मग ते पुन्हा खाली उतरून वाकले, ओंजळभर पाणी घेऊन वर आले आणि पट्ट्यावर मारलं. लाल रंग गडद झाला आणि वास सुटला. मुलांनी नाकं पुढं केली. नांगरलेल्या रानावर वळीव पडल्यासारखा वास होता तो. पूनमनं डोळे मिटले. ओंकारनं वर, विहिरीच्या तोंडाएवढ्या आभाळाकडे पाहिलं. सुप्रियाला एकदम पायाखालची पायरी हलल्यासारखी वाटली. तिनं कासरा घट्ट धरला. पुढं काय शिकवायचं ठरवलं होतं, ते तिला काही केल्या आठवेना.

सोमवारी सोपानराव बहिणीकडे गेले नाहीत. सुप्रिया शाळेला निघाली तेव्हा ते विहिरीच्या काठावर होते, आणि जरा अंतर ठेवून दादासाहेब. पहिला टिपर मागं मागं येत होता. पाडलेल्या चाळीचा राडारोडा होता त्यात. फरशांचे तुकडे, सळया, एक फुटका कमोड.

“आबा, तुम्ही घरी जा. धूळ उडंल,” दादासाहेब म्हणाले.

सोपानरावांनी बऱ्याच दिवसांनी मुलाकडे सरळ पाहिलं. “मी खनलीय. भरतो बी मीच.”

ते ड्रायव्हरकडे वळले. “भावा, एकदम वतू नगंस. मोठं दगूड आधी. बारीक वरनं. पोकळी ऱ्हायली तर जमीन बसती.”

ड्रायव्हरनं मान डोलावली. राडारोडा घडघडत खाली गेला, पाणी उसळलं, धूळ वर आली. दादासाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. सोपानराव तसेच उभे राहिले. धूळ खाली बसली तशी त्यांनी वाकून पाहिलं आणि हात वर करून दुसऱ्या टिपरला बोलावलं.