मटिल्डामावशीचे पायमोजे

“बाय, घालायच्या आधी रोज उलटा करून बघ हां. रंग बदलला का तिथं धागा आतून मोकळा जातो. पोरीचं बोट अडकलं तर कळनार नाय.”

मटिल्डामावशी हे सांगत होती तेव्हा मी मोज्यांवरची नक्षी बघत होते. गडद निळ्यावर लाल माडांची रांग, आणि टाचेपाशी एकच माड पिवळा.

“लाल संपला गं. तो माड नाय, केळ समज,” ती म्हणाली. मग माझ्याकडे रोखून बघत, “ऐकतेस ना, बी. ए. सूनबाय? हे तुझ्या बुकात नाय लिवलेलं.”

मी हसले. हो म्हटलं आणि विसरले.

नंदाखालला आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे ती एकटी राहायची. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. तिची भाची कॅथरिन वांद्र्याला आया होती. ती सणाला येताना मडमेच्या टोपलीतली उरलीसुरली लोकर आणायची, गुंतलेली, गाठींची. मटिल्डामावशी वीतभर तुकडासुद्धा टाकायची नाही. बाप्तिस्मा असो की बारसं, आळीतल्या बाळाचे पहिले मोजे तिच्याच हातचे. गेल्या वर्षी कुणाकडे मूल झालं आणि तेव्हा कोणता रंग उरला होता, ते पायांवरून ओळखता यायचं.

त्रेपन्नच्या पौषात वारा फार सुटला. माझी विनी तीन महिन्यांची, वजनाला कमी. मी रात्रीतून चारदा तिच्या नाकापुढे बोट धरून बघत असे. सर्दीच्या धास्तीने दोन दिवस आंघोळ घातली नाही, मोजेही काढले नाहीत. ती रडत होती. मी घुटी दिली, सासूबाईंनी दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी डावा मोजा निघेना. ओढला तर ती किंचाळली. मी मोजा कडेने उसवून आत बघितलं. अंगठ्याशेजारच्या बोटाला धागा आवळून रुतला होता. बोट काळंनिळं पडलं होतं.

टांगा करून वसईला नेलं. डॉक्टरांनी धागा कापला. बोटाचं टोक काही वाचलं नाही.

“कुणी विणलेत हे?” त्यांनी विचारलं.

“शेजारच्या मटिल्डामावशीनं,” मी म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. सासूबाईंनी तेवढंच घरी नेलं, आणि घरातून आळीत.

दुसऱ्या दिवशी मटिल्डामावशी मागीलदारी आली. आत येईना. पायरीखाली उभी राहिली.

“म्हातारे, दिसत नाही तर विणतेस कशाला?” सासूबाई कडाडल्या. “माझ्या नातीचं बोट गेलं!”

मावशीने माझ्याकडे बघितलं.

“बाय, मी तुला सांगितलेलं ना? उलटा करून बघ म्हनून? मला वाटतं मी सांगितलेलं. दर बाळाच्या आईला सांगते मी.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. विनी माझ्या खांद्यावर नुकती झोपली होती.

“मला नाही आठवत, मावशी.”

“मंग राहिलं असंल,” ती म्हणाली. “म्हातारी झाले ना मी.”

त्या आठवड्यात तिच्या ओट्यावर मोज्यांचे चार जोड परत आले. बायका नुसते ठेवून गेल्या. तिने सुया कॅथरिनला देऊन टाकल्या. पण त्याहून वाईट निराळंच झालं. ती सगळंच विचारू लागली. कुंपणापाशी येऊन म्हणायची, “मी दाराला कडी घातली काय गं, बघितलंस?” देवळातल्या मिस्साहून परतताना बायकांना विचारायची, “मी आज कुम्सार केला ना, पाद्रीला पापं सांगितली ना?” आधी बायका हसत. मग हसेनाशा झाल्या.

ह्यांची नाशिकला बदली झाली, तेव्हा निघायच्या दिवशी मी तिच्याकडे गेले. तिचे दोन्ही हात धरले.

“मावशी, तुम्ही सांगितलं होतं. शब्द न् शब्द आठवतोय मला. मी खोटं बोलले.”

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. “तू चांगली हायस, बाय. मला बरं वाटावं म्हनून बोलतेस. मला ठावं हाय, माझं डोकं नाय ऱ्हायलं आता.”

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. ती नुसती मान हलवत राहिली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. बाहेर टांगेवाला हाका मारत होता.

याला दोन वर्षं झाली. सासूबाई पत्रात तिच्याविषयी लिहीत नाहीत. कॅथरिन लग्न होऊन लांब गेली, एवढं कळलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आगाशीकडे जाणार असेल, तर वाट थोडी वाकडी करून नंदाखालला जा. देवळाच्या मागे, केळीच्या वाडीला लागून तिचं घर आहे. हाक मारून थांबा, तिला यायला वेळ लागतो. जेवलीस का, असं विचारू नका. जेवले असेन, असंच ती म्हणेल. सरळ आत जा आणि चुलीला हात लावून बघा.