फोटोतली चीर

लिपोवेत्सच्या स्टेशनात मालगाड्या थांबायच्या बंद झाल्या, तेव्हापासून मालधक्क्याची शेड मॉडेल रेल्वेच्या क्लबच्या ताब्यात आहे. आत लांबच लांब टेबल, आणि टेबलावर गावातून जाणारी जुनी लाईन जशीच्या तशी: बोगदा, वीटभट्टी, नदीवरचा पूल, फाटकवाल्याच्या बायकोने वाळत घातलेले कपडेसुद्धा. सगळं एकशेवीस पट लहान. खरी लाईन रेल्वेने कधीच उखडून नेली. टेबलावरची अजून चालते, दर शनिवारी तीन ते सात.

हिनेक अठरा पूर्ण. रेल्वेच्या ट्रेड स्कूलमध्ये दीड वर्ष काढलं, मग एक दिवस मास्तरांच्या दिशेने कानस भिरकावली आणि घरी आला तो परत गेलाच नाही. मास्तर वाचले, फळा फुटला. आता टेकडीवरच्या दुकानात टायर बदलायचा. डोकं पेट्रोलसारखं, पण नजर घारीची. रुळात अर्ध्या केसाची फट असली तरी याला टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची. त्या नजरेमुळेच क्लबातल्या पांढऱ्या मिशांनी त्याला ठेवून घेतलं होतं.

सगळ्यात पांढरी मिशी व्होंद्रा काकांची. बारा वर्षं ते खऱ्या इंजिनावर भट्टीत कोळसा मारत होते. इंजिनाचं नाव लोकांनी ठेवलं होतं गोऱ्हा. बुटकं, गुबगुबीत, आणि चढावर खाली मान घालून ढुशी मारल्यासारखं चालणारं. टेबलावर सगळं होतं, फक्त गोऱ्हा नव्हता. एका छोट्या वर्कशॉपने सत्तरच्या दशकात त्याची काही डझन मॉडेलं ओतली होती. त्यातलं एखादं कधीतरी ऑनलाईन लिलावात येईल म्हणून काका सहा वर्षं डोळे लावून बसले होते. डोळे म्हणायचं खरं, पण काचबिंदूने एक जवळजवळ गेलेला आणि दुसरा त्याच वाटेवर. म्हणून लिलावातला प्रत्येक फोटो ते आधी हिनेकपुढे धरायचे.

"पोरा, डोळे उधार दे जरा."

मग हिनेक बघायचा आणि सांगायचा. कप्लिंग तुटलंय. रंग नंतरचा आहे. हा डबा ओव्हनजवळ ठेवला होता, छत वाकलंय. काका तेवढ्यावर बोली लावायचे किंवा सोडून द्यायचे. दुसऱ्या कुणाला विचारायचे नाहीत.

आणि बोलीचा क्लबात एक नियम होता. किटलीशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली. लिलावातली वस्तू ज्याला हवी त्याने तिचा नंबर वहीत लिहायचा, खाली नाव घालायचं. मग बाकीच्यांनी तिच्याकडे बघायचं नाही. भाव चढवायला प्रागचे दलाल आणि सीमेपलीकडचे जर्मन पुरेसे होते, आपणच आपल्या माणसाला कशाला कापा? कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण एकोणीस वर्षांत कुणी मोडलंही नव्हतं.

ऑक्टोबरात क्लब गावासाठी उघडा असतो. आया पोरांना घेऊन येतात, बाहेर सॉसेज भाजतात. त्या शनिवारी कंट्रोल हिनेककडे होता, आणि टेबलाच्या पलीकडे फार्मसीतली येनुफा उभी होती. हिनेकने तिच्यासाठी पॅसेंजर गाडी जरा सणकावून सोडली. पुलावर गाडी रूळ सोडून उडाली. शेवटचा डबा काकांनी दोन हिवाळे खपून हाताने बनवलेला. तो सरळ फरशीवर.

काका वाकले, डबा उचलला, तुटलेल्या पायऱ्या तळहातावर गोळा केल्या आणि म्हणाले, "शाळेतून उतरलं, आता रुळावरूनही उतरलं. याला आयुष्यात कुठे चढता येतं का बघायला पाहिजे."

शेड हसली. आया हसल्या, येनुफा हसली. बोहोउश म्हणजे क्लबातला विदूषक, तो कशाला मागे राहतो? "त्याला टायरच दे रे, व्होंद्रा! टायरला रूळ लागत नाहीत!"

हिनेक बाहेर गेला, सॉसेजच्या धुरात उभा राहिला, परत आला. जायचं तर होतं, पण जाकीट आत राहिलं होतं.

सात वाजता लोक गेले. क्लबातल्या क्वेता मावशी झाडू मारत होत्या. काका टॅबलेट छातीशी धरून हिनेककडे आले. दुपारचं सगळं विसरूनसुद्धा गेले होते म्हातारबा. चेहरा नुसता उजळलेला.

"पोरा, आलाय. गोऱ्हा. उद्या आठला लिलाव संपतो. बघ ना, कसा आहे?"

पाच फोटो. पहिले दोन ठीक. तिसरा बाजूने काढलेला. त्यात मधल्या चाकाच्या वर, रंगाखाली, तांबूस काळी चीर. केसाएवढी. आणि इंजिनाचं पोट मधोमध किंचित फुगलेलं. हिनेकला एका नजरेत कळलं. त्या काळच्या काही ओतकामात धातू भेसळीचा असायचा. तो आतून सडत जातो, फुगतो, आणि एक दिवस बिस्किटासारखा हातात येतो. क्लबातले लोक त्याला जस्ताचा प्लेग म्हणायचे. प्लेग लागलेलं इंजिन कुणी फुकट दिलं तरी घेत नाहीत.

"तू गप्प का?" काका म्हणाले.

"बघतोय."

"मग?"

हिनेकने टॅबलेट परत केला. "चकाचक आहे."

"नक्की?"

"म्हटलं ना."

काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि वहीत नंबर लिहायला गेले. एवढं मोठं लिहिलं की दोन ओळी खाल्ल्या.

रविवारी हिनेकने फोन घेऊन पलंगावर बैठक मारली. खरं तर नुसतं बघायचं होतं, असं तो स्वतःलाच सांगत होता. पावणेआठला भाव साडेतीन हजार कोरुना. धडधाकट गोऱ्ह्याला सात आले असते. वरची बोली काकांची, त्यांचं खात्यावरचं नाव त्याला माहीत होतं. लोकांना मात्र त्याच्या दोन्ही टोकांची अक्षरं आणि मधे चांदण्याच दिसायच्या.

एवढ्या स्वस्तात? हिनेकच्या मनात आलं. जरा घाम गाळू दे म्हाताऱ्याला.

त्याने चार हजार टाकले.

काका लगेच सव्वाचार. हिनेक पाच. तिथला नियम असा की शेवटच्या मिनिटांत कुणी बोली लावली की लिलाव आणखी पाच मिनिटं लांबतो. आठ वाजले, आठ वाजून दहा झाले. बाकीचे खरेदीदार सात हजारांवर गळाले. राहिले दोघंच. प्रत्येक वेळी हिनेकच्या बोलीनंतर दीड-दोन मिनिटं काही हालायचं नाही, त्याला वाटायचं की आता हे गळ्यात पडतंय, खात्यात तर नऊशे कोरुना आहेत, आणि मग काकांचा आकडा उगवायचा. एका बोटाने, नाक काचेला लावून टाईप करत असणार. हिनेकला ते दिसत होतं. दिसत होतं तरी थांबला नाही. बारा हजाराला वाटलं, बस झालं. पण वहीचा नियम मोडूनही कुणाला कळत नाहीये, आणि तो आख्ख्या शेडला हसवणारा माणूस आपल्या एका बोटावर नाचतोय, याची नशा चढली होती. चौदा. सोळा. एकोणीस.

एकवीस हजार पाचशेला काकांची बोली आली आणि हिनेकने फोन उशीखाली सारला. घाम त्यालाच फुटला होता.

पुढच्या शनिवारी काका पार्सल न उघडता क्लबात घेऊन आले. कपाटाच्या वरच्या फळीवरची त्यांची एक्स्प्रेस गाडी गायब होती. तीस वर्षं जपलेली, सहा डबे आणि दोन इंजिनं. क्वेता मावशींनी विचारलं तर म्हणाले, "विकली ओलोमोउत्सच्या एकाला. गोऱ्ह्याला जागा करायची होती."

"व्होंद्रा, एवढ्यात तर खरा गोऱ्हा आला असता, शेणासकट!" बोहोउश ओरडला.

"एक जर्मन भिडला होता रे. असला चिवट! पण मी म्हटलं, बारा वर्षं मी याला कोळसा चारलाय, तुझ्या हाती देत नसतो."

सगळे गोळा झाले. काकांनी चिकटपट्टी सोडवली, फोम बाजूला केला, आणि दोन बोटांनी इंजिन उचललं.

अर्धंच उचललं गेलं. मागचा भाग खोक्यातच राहिला. चाकं टेबलावरून घरंगळली, आणि राखाडी भुगा काकांच्या बाहीवर पडला.

विकणाऱ्याने जाहिरातीखाली बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, आहे तसं, परत घेणार नाही. बोहोउशने ते मोठ्याने वाचलं आणि पहिल्यांदाच त्यावर विनोद केला नाही.

काकांनी हातातला तुकडा चाचपला, बोटांत तो आणखी चुरला. मग त्यांनी मान वर केली आणि नजरेने हिनेकला शोधलं. हिनेकला वाटलं, आता.

"फोटोत दिसणारच नाही रे, पोरा," काका म्हणाले. "आतला रोग आहे हा. तू मनाला लावून घेऊ नकोस."

यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं होतं.

हिनेकने आठ दिवस टायर बदलले, बॉसशी भांडला, घरी ताट ढकलून उठला. काका शेडमध्ये रोज येऊन तुकडे डिंकाने जोडत बसतात असं मावशींकडून कळलं. जोडले की दुसरीकडून तडकायचे. पुढच्या रविवारी तो बसने काकांच्या घरी गेला.

काकांनी बुख्ते, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, गरम केले, न गाळलेली कॉफी ओतली. "मोठा पाहुणा आला! बस. काय, येनुफाने नकार दिला का?"

"चीर मला दिसली होती."

"कसली चीर?"

"तिसऱ्या फोटोत. मधल्या चाकाच्या वर. पोट पण फुगलेलं दिसत होतं." एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "आणि तो जर्मन बिर्मन कुणी नव्हता. मी होतो."

काका हसलेच. "तू? आणि मी त्याला इथे बसून शिव्या देत होतो, तुझ्या हिटलरच्या..." मग हसू हळूहळू विझलं. "कशाने घेणार होतास? पैसे होते?"

"नव्हते."

"मी थांबलो असतो तर?"

"माहीत नाही."

काकांनी बुख्ता मोडला आणि न खाता बशीत ठेवला.

"बोलीचं जाऊ दे," ते म्हणाले. "राग आला तुला. मीही चार लोकांत वाईट बोललो, ते माझं चुकलं. तुझ्या वयात मी स्टेशनमास्तरची सायकल नदीत टाकली होती. पण ते तुला विचारलं तेव्हा..." त्यांनी हातानेच टॅबलेट धरल्यासारखं केलं. "मला दिसत नाही म्हणून विचारलं ना. दोनदा विचारलं."

"मी पैसे देतो. दर महिन्याला थोडे थोडे. खरंच, काका."

"तुझ्याकडे पैसे कुणी मागितले? हौस माझी होती."

"मग काय करू मी? सांगा ना, काय करू?" हिनेकचा आवाज चढला, स्वतःवरच चढला.

"काही नाही. कॉफी संपव. पाच वीसची बस आहे."

काकांनी क्लबात कुणाला काही सांगितलं नाही. ते एक हिनेकला सगळ्यात जड गेलं. सगळ्यांचा समज झाला की त्या तुटलेल्या डब्यावरून दोघांचं बिनसलंय. बोहोउशने मध्यस्थीसुद्धा करून पाहिली, एका बाजूला बियर, दुसऱ्या बाजूला बियर. काका बियर प्यायले आणि बोहोउशशी बोलले. हिनेकशी भांडले नाहीत, त्याच्याकडे पाठ केली नाही. फक्त त्याच्याशी थेट बोलायचं बंद केलं. "क्वेता, त्याला सांग, तिसरा सांधा उलटा पडलाय." आणि हिनेक दोन हातांच्या अंतरावर उभा असायचा.

हिनेकने डब्याच्या पायऱ्या नव्याने बनवल्या. पितळेच्या तारेच्या, चार रविवार घालून. काकांनी त्या अंगठ्याने चाचपून पाहिल्या. "बोहोउश, काम चांगलं झालंय म्हणावं."

मार्चमध्ये काकांना लिलावात एक जुना मोटारडबा, इंजिनाशिवाय स्वतःच धावणारा, सापडला. टॅबलेट घेऊन ते बोहोउशकडे गेले. बोहोउशचा चष्मा कपाळावर. त्याने फोटो असा पाहिला, तसा पाहिला. "नवरीसारखा दिसतोय! घेऊन टाक."

हिनेक टेबलाच्या या बाजूला तार जोडत होता. टॅबलेटचा पडदा त्याला तिरका दिसत होता, पण दिसत होता. त्याने सोल्डरिंगची सळई खाली ठेवली.

"काका, पुढचं एक चाक दुसऱ्याच गाडीचं आहे. मोठं आहे. तीन हजाराच्या वर जाऊ नका."

शेडमध्ये सगळ्यांनी ऐकलं. काकांनीही ऐकलं, त्यांचे कान शाबूत होते. टॅबलेट डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. मग वहीशी गेले आणि नंबर लिहिला.

रविवारी हिनेकने लिलाव पाहिला. नुसता पाहिला. बाहेरचा कुणी चढवत होता आणि चांदण्यांमधलं ते ओळखीचं नाव मागे हटत नव्हतं. नऊ हजार दोनशेला डबा त्याच नावावर सुटला.

डबा आल्यावर काकांनी तो उलटा करून तळहातावर घेतला. बोट एकेका चाकावरून फिरलं आणि पुढच्या उजव्या चाकावर थांबलं. बोहोउश काहीतरी म्हणणार होता, मावशींनी त्याला कोपर मारलं. काकांनी डबा रुळावर ठेवला, चाकं बसली का पाहिली.

"त्याला सांग," ते बोहोउशला म्हणाले, "सावकाश सोड."

हिनेकने करंट अगदी थोडा दिला. डबा एका बाजूने लंगडत निघाला.