बेरजेच्या तासाला उठलेली तेजू

तेजस्विनी शाळेच्या खिडकीतून बाहेर पडली तेव्हा वर्गात बेरजा चालू होत्या. बाहेर झुडपापाशी तिला मुंगूस दिसलं. ती बाकावर चढली, तिथून खिडकीत, आणि मुंगूस पळालं तशी त्याच्यामागे बाहेर. खाली दगड होता. भुवई फाटली.

आसगावकडच्या एका लहानशा खेड्यातली ही शाळा. तेजू तिसरीत. तिची आई चंदा शेतात निंदायला गेली होती, ती तशीच चिखलाच्या पायांनी धावत आली. बाप प्रविण यानं मोटरसायकल काढली आणि तिघं पवनीला डॉक्टर भूपेंद्र यांच्या दवाखान्यात पोचली. ते लहान मुलांचे डॉक्टर.

टाके घालायची तयारी होईपर्यंत तेजूनं वजनकाट्यावर दोनदा उडी मारली, टेबलाचा खण उघडला, आणि "हे काय आहे? हे कोणाचं आहे?" असं विचारून उत्तराची वाट न पाहता तिसरीकडेच गेली. रक्त गालावर वाळलेलं. चंदानं तिला दंडाला धरून ओढलं आणि हात उगारला.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "नेहमीच अशी असते का?"

"चालाले लागली तेव्हापासूनच, सर. जेवता जेवता उठते. दूध आणाले पाठवली का रस्त्यातच कुठंतरी रमते. अशी मारतो मी तिले, मंग रातभर मलेच झोप नाही येत." चंदानं हात खाली घेतला. "मॅडम म्हणतात, ध्यानच नाही तिचं."

"माझी पोरगी पागल नाही," प्रविण दारातूनच म्हणाला.

"मीही तसं म्हटलेलं नाही," डॉक्टर शांतपणे बोलले.

टाके झाल्यावर त्यांनी तेजूचे कान तपासले, डोळे तपासले, झोप कशी लागते ते विचारलं. सगळं ठीक होतं. मग चंदाला म्हणाले, "एका भेटीत मी काही ठरवणार नाही. ती शाळेत कशी असते ते मला कळायला पाहिजे. तिच्या मॅडमशी बोललो तर चालेल?"

चंदानं नवऱ्याकडे पाहिलं. "शाळेतून काढून तर नाही देणार ना तिले?"

"नाही. उलट शाळेत टिकावी म्हणूनच बोलायचं आहे."

प्रविण बाहेर बघत होता. चंदानंच मान हलवली.

तेजूच्या शाळेतल्या मंजुषा मॅडमना डॉक्टरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज आधी कडक होता. पोरगी खिडकीतून पडली, आता डॉक्टर जाब विचारणार, असं त्यांना वाटलं. "सर, माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसते. मी एकाच पोरीवर नजर ठेवून कशी बसू?"

"तक्रार म्हणून फोन नाही केला, मॅडम. मी तिला घटकाभर पाहिलं, तुम्ही रोज पाहता. तुम्हाला काय दिसतं ते सांगा."

मॅडम बोलायला लागल्या त्या बोलतच राहिल्या. तेजूला उत्तर सगळ्यांच्या आधी येतं, पण पाटीवरचं गणित कधी पुरं होत नाही. दुसऱ्याची पाळी असताना मधेच बोलते. खेळात तिला कोणी घेत नाही, मग ती भिंतीपाशी एकटीच उड्या मारत असते. शेवटी त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, मुद्दाम करते."

टाके काढायच्या वेळी डॉक्टरांनी चंदाशी आणखी सविस्तर बोलून घेतलं, आणि एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, ते स्वतः शाळेत आले. वर्गातल्याच बाकांवर डॉक्टर, चंदा आणि मॅडम अशी तिघं बसली. तेजू बाहेर चिंचेखाली. प्रविण मोटरसायकलपाशीच उभा राहिला.

"याला एडीएचडी म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "पोरगी हुशार आहे. लक्ष आहे तिच्याकडे, पण ते तिच्या ताब्यात राहत नाही. वळण लावलं नाही म्हणून हे झालेलं नाही, आणि मारून जाणारही नाही."

चंदा पदरानं डोळे पुसत राहिली. इतकी वर्षं सासरचे, शेजारचे सगळे तिलाच बोलत आले होते.

डॉक्टरांनी काय काय करता येईल ते सांगायला सुरुवात केली. तेजूला वेगळं बसवून शिकवा, दर थोड्या वेळानं तिच्याजवळ जा. मॅडमनी मधेच थांबवलं. "सर, हे कागदावर चांगलं आहे. चौथीवाल्यांना कोण पाहील?"

डॉक्टर हसले. "बरोबर आहे. मग तुम्हीच सांगा, काय जमेल?"

मॅडमनी विचार केला. पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवता येईल. दहा गणितं एकदम न देता तीन-तीन देता येतील. "आणि तिला उठायचंच असतं ना, तर मीच उठवते. फळा पुसणं, वह्या वाटणं तिच्याकडे देते." घरी चंदानं एका वेळी एकच काम सांगायचं, ते झालं की लगेच शाबासकी द्यायची, आणि हात उगारायचा नाही, असं ठरलं.

मग डॉक्टर प्रविणकडे गेले.

"मले बी हेच होतं, सर," प्रविण त्यांच्याकडे न पाहताच म्हणाला. "गुरुजी म्हणत, याच्या डोक्यात भुसा भरला हाय. उन्हात उभं करत. सातवीतून सोडली मी शाळा, तवापासून शाळेत पाय नाही ठेवला. आता तुमी तिले गोळ्या देऊन झोपवून ठेवान का?"

"आज एकही गोळी देत नाही. पुढे लागली तर आधी तुम्हाला विचारीन. आणि गोळीनं पोरगी झोपून राहायला लागली, तर ती गोळी चुकली असं समजा."

प्रविणनं पहिल्यांदा वर पाहिलं. "माझ्या डोक्यात भुसा नव्हता मंग?"

"नव्हता," डॉक्टर म्हणाले.

सुरुवातीचे दिवस बरे गेले, मग बिघडलं. वह्या वाटायचा मान तेजूलाच का, म्हणून पोरं चिडली. तेजूनं एकीला ढकललं. मॅडमनी डॉक्टरांना फोन केला, पण तोवर उपाय त्यांचा त्यांनाच सुचला होता: कामं सगळ्यांना पाळीपाळीनं द्यायची, तेजूला थोडी जास्त. घरी चंदाचाही हात एकदा उठला. ती दवाखान्यात येऊन रडली. डॉक्टर रागावले नाहीत. "उठला, पण आता लगेच कळतं ना तुम्हाला? उद्या आधी कळेल," एवढंच म्हणाले.

धान कापणी झाली तरी लिहिणं अर्धवटच राहत होतं, तेव्हा गोळीचा विषय निघाला. प्रविणनं खूप प्रश्न विचारले आणि शेवटी हो म्हटलं. गोळीनं तेजूची दुपारची भूक मेली. मॅडमच्या लक्षात आलं, ताटातली खिचडी तशीच राहते. त्यांनी चंदाला सांगितलं, चंदानं डॉक्टरांना. सकाळी गोळीच्या आधी पोटभर जेवण आणि संध्याकाळी लवकर भात, असं केल्यावर वजन सावरलं. हिवाळा संपता संपता तेजूनं एक गणिताचं पान पुरं केलं. अक्षर वेडंवाकडं, दोन उत्तरं चुकलेली. मॅडमनी ते पान सगळ्यांना दाखवलं. भिंतीपाशी उड्या मारायलाही आता सोबत एक मैत्रीण होती.

उन्हाळ्यात मंजुषा मॅडमची बदली झाली. चंदाचा जीव खालीवर. नव्या मॅडमना पुन्हा पहिल्यापासून कोण सांगणार? डॉक्टर म्हणाले, मी फोन करतो.

"तुमचा फोन तर पायजेच, सर," प्रविण म्हणाला, "पण आधी मी जाऊन येतो."

शाळा उघडली त्या दिवशी तो पायऱ्यांपाशी खूप वेळ घुटमळला. मग चपला काढून वर्गात गेला. नव्या मॅडम हजेरी चाळत होत्या.

"मॅडम, मी तेजस्विनीचा बाप. ती आयकत नाही असं वाटन तुमाले, पण तसं नाही. बसून सांगू का जरा?"

मॅडमनी खुर्ची पुढे केली. प्रविण बसला आणि सांगू लागला.