जोहाने पाडलेलं विमान

मी एक जुनं विमान आहे. विमान म्हटल्यावर, मित्रांनो, तुम्ही लगेच मान वर केलीत ना? खाली करा. मी भिवंडीतल्या एका घरात कपाटावर पडलेला असतो. अंग पांढऱ्या फोमचं, नाकात बॅटरीवर फिरणारी मोटर. माझा पायलट माझ्यात बसत नाही, तो रिमोट घेऊन जमिनीवर उभा राहतो. म्हणूनच मी पडलो तरी त्याला काही लागत नाही.

मला शमीमभाईंनी आपल्या हाताने बनवलं. धंदा पॉवरलूमचा, पण वेड विमानांचं. माझे पंख घासताना त्यांना जेवणाच्या हाकासुद्धा ऐकू यायच्या नाहीत. शेजारी बसून फोम धरायची ती त्यांची मुलगी जोहा. गोंद तिच्या बोटांना आणि कौतुक शमीमभाईंना, अशी वाटणी पहिल्यापासूनच होती.

रविवारी आम्ही जवळच्या वळ गावातल्या गोदामांमागे उरलेल्या मोकळ्या रानात जायचो. शमीमभाईंचा दोस्त भावेश मला हाताने फेकायचा आणि मी वर चढायचो. काय दिवस होते ते! खाली कंटेनर आणि पत्र्याची छपरं, वर मी एकटा. जोहा दरवेळी रिमोट मागायची आणि दरवेळी "पुढच्या रविवारी" हे उत्तर ठरलेलं असायचं. मग तिच्या कॉलेजात ड्रोन उडवायला शिकवणारा वर्ग निघाला. ती हटूनच बसली. "अब्बा, आधी हे उडवून बघते. जमलं तर नाव देते." शमीमभाई कबूल झाले.

त्याच आठवड्यात माझी एक चिमुकली मोटर जळाली होती. पंखांच्या मागच्या पट्ट्या वरखाली करून मला वळवणारी ती. शमीमभाईंनी नवी बसवली, पण उलट्या तोंडाने. त्यामुळे उजवीकडे वळ म्हटलं की मी डावीकडे कलणार! म्हणून तर उडवण्याआधी रिमोटची दांडी हलवून पट्ट्या बघायच्या असतात. नवा कामगार आधी हाताने फिरवून न बघता लूम चालू करायला गेला, तर हेच शमीमभाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्या दिवशी मात्र भावेशने पाहुणे आणले होते आणि शमीमभाई स्वतःची कारागिरी सांगण्यात दंग होते. पट्ट्या कोणी बघितल्याच नाहीत.

भावेशने मला फेकलं. वाऱ्याने माझा डावा पंख दबला. जोहाने बरोबर उजवीकडे दांडी नेली. मी आणखी डावीकडे कललो. तिने आणखी उजवीकडे नेली. बिचारी मला वाचवायला जितकी धडपडत होती, तितका मी कलंडत होतो. शेवटी गोदामाच्या भिंतीपाशी नाकावर आपटलो.

"रिमोट आण इकडे!" शमीमभाई पाहुण्यांसमोर गरजले. "डावं-उजवं कळत न्हाय, चालली ड्रोन उडवायला!"

"अब्बा, मी उजवीकडेच दाबलं. खुदा की कसम."

"वरून खोटं बोलते?"

भावेश म्हणाला, "जाऊ दे ना शमीमभाई, नवीन हाय ती." त्या दयेने तर तिचा चेहरा आणखीच उतरला.

पुढे एका संध्याकाळी शमीमभाईंनी मला टेबलावर घेतलं, बॅटरी जोडली, दांडी उजवीकडे नेली. पट्ट्या उलट्या हलल्या. पुन्हा नेली, पुन्हा उलट्या. त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. मला वाटलं, आता जोहाला हाक मारतील. तेवढ्यात जोहाच चहा घेऊन आली.

"अब्बा, काय बिघडलं होतं त्यात?"

"काय न्हाय. पडल्यामुळे आतून तुटलंय."

ती गेल्यावर त्यांनी ती चिमुकली मोटर सरळ बसवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर फाशी देणाराच चोर होता.

जोहाने वर्गात नाव दिलं नाही. "माझ्या हातालाच गुण नाही," असं ती मैत्रिणींना हसून सांगते. शमीमभाई ऐकतात आणि माझे पंख पुसत राहतात. मी आता झकास उडतो, लोक वाहवा करतात. मला त्या वाहवेची शिसारी येते.

मित्रांनो, आम्हाला जपा, उन्हात टाकू नका, असं शेवटी सांगायचा रिवाज आहे. मी नाही सांगत. फोम काय, पुन्हा चिकटतो. कोणाच्या हातून काही पडलं, तर ओरडण्याआधी आपण त्याच्या हातात काय दिलं होतं ते बघा. आणि चूक आपली निघाली, तर त्याला हाक मारून तसं सांगा. वर्गाची नवी तुकडी भरायला अजून अवकाश आहे, आणि जोहा पलीकडच्याच खोलीत असते.