रिव्हर्सचा काटा

इंद्रजित माझे मालक. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही, पण दरवेळी 'आमचे हे' म्हणत बसले तर गोष्ट पुढं सरकायची नाही.

पंच्याण्णवच्या सुमाराला तुर्भे एमआयडीसीत आमचा एक गाळा होता. उरणकडच्या कंटेनर यार्डांतल्या मोठ्या फोर्कलिफ्ट, एखाददुसरी परदेशी गाडी, अशा बिनक्लचच्या गाड्यांच्या गिअरबॉक्समधली वॉल्व्ह बॉडी आम्ही दुरुस्त करून द्यायचो. वॉल्व्ह बॉडी म्हणजे धातूचा एक ठोकळा. आत उंदरांनी पोखरल्यासारख्या तेलाच्या वाटा आणि त्यांत सरकणारे बोटभर पोलादी दट्टे. दट्टा सरकला की तेल वाट बदलतं आणि गाडीनं पुढं जायचं की मागं ते ठरतं. दट्टा अडकला तर गाडी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून घासून, धुऊन, जोडून झालेली प्रत्येक बॉडी शेवटी टेस्ट बेंचवर चढायची. गरम तेल, मोटर आणि प्रत्येक गिअरसाठी तेलाचा दाब दाखवणारं एकेक काट्याचं गेज. लिव्हर न्यूट्रलला आणला की सगळे काटे शून्यावर यायला हवेत. इंद्रजित त्या काट्यांकडे असे टक लावून बसायचे की मला राग यायचा. माझ्याकडे त्यांनी इतकं निरखून कधी पाहिलं नाही.

खंडेनवमीला माझ्या सासूबाईंनी, रंगूबाईंनी, गाळ्यातली हत्यारं पाटावर मांडली. आमच्या साताऱ्याकडची पद्धत अशी, की एकदा मांडलं की दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, मशीन चालवायचं नाही. हरेश नावाच्या गिऱ्हाइकाच्या फोर्कलिफ्टची बॉडी सकाळीच जोडून झाली होती, टेस्ट राहिली होती. सासूबाईंनी तीही पाटावर ठेवली. आपल्या पोटाला घालते ती, असं म्हणून तिच्यावर हळदकुंकू आणि मूठभर अक्षता टाकल्या. इंद्रजित म्हणाले, असू दे, दसरा झाला की पुन्हा खोलून धुतो आणि मगच बेंचवर घेतो.

दुपारी हरेश आला. हा खाडीकाठच्या गावातला. बापजाद्यांची मिठागरं सरकारनं घेतल्यावर त्यानं उरण रस्त्याला यार्ड टाकला होता. दसऱ्याला फोर्कलिफ्टला हार घालून कामाला जुंपायची, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. अजून टेस्ट झालेली नाही, अशी देता येणार नाही, हे इंद्रजितनी त्याला दोनदा समजावलं. हरेशनं ऐकून घेतलं आणि फाडकन त्यांच्या कानाखाली ठेवून दिली, माझ्यादेखत, त्यांच्या आईदेखत. मग बॉडी कुंकवासकट उचलून गोटीराम नावाच्या आपल्या माणसानं धरलेल्या पोत्यात टाकली. पूजा झाली म्हणजे टेस्टपण झाली, असं म्हणून हसत हसत गेला. सणासुदीचं कशाला, म्हणून आम्ही गप्प बसलो.

दिवाळीच्या आधीच ते घडलं. हरेशचा धाकटा भाऊ वामन यार्डात फोर्कलिफ्टच्या मागं उभा होता. ड्रायव्हरनं लिव्हर न्यूट्रलला टाकून ब्रेकवरचा पाय काढला, आणि गाडी आपोआप मागं सुटली. वामन कंटेनर आणि गाडीच्या मध्ये सापडला. त्याचा पाय मांडीपासून कापावा लागला. हे आम्हाला हरेशनंच सांगितलं, लोखंडी सळईचा पहिला दणका घातल्यावर.

भर दुपारी आले सगळे, हरेश आणि त्याच्या यार्डातली पोरं. शटर अर्धं खाली ओढलं. शेजारच्या गाळ्यातलं लेथ मशीन बंद झालं, पण कुणी डोकावलं नाही. त्यांनी इंद्रजितना गुडघ्यांवर मारलं, बरगड्यांवर मारलं, खाली पडल्यावर तोंडावर लाथा घातल्या. एक दात माझ्या पायाशी येऊन पडला. मी मोठा पाना उचलला आणि एकाच्या खांद्यात घातला. हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग कुणीतरी माझे केस धरून मला रॅकवर आपटलं.

हरेशनं गिअरबॉक्समधून काढून आणलेली बॉडी टेबलावर फेकली. कोपऱ्यात आमची बेअरिंग दाबून बसवायची प्रेस होती. इंद्रजितना फरफटत तिकडं नेलं आणि त्यांचा उजवा हात तिच्या दांड्याखाली धरला. सासूबाईंनी हरेशच्या पायांना मिठी मारली. माझा घ्या, माझा म्हातारीचा घ्या, एवढंच त्या बोलत होत्या.

तेव्हा हरेश एकदम स्टुलावर बसला. घामानं डबडबलेला होता आणि आवाज उतरला होता.

"या पोरांसमोर बोल," तो म्हणाला. "काम मी खराब केला, माज्यामुलं वामनचा पाय गेला. येवरं बोल. हात सोडतो."

मी रॅकपाशी पडल्या पडल्या ओरडले, बोलून टाका. त्याच्या पोरांना ऐकायचंय ते ऐकवा आणि हात वाचवा. बोलल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत.

इंद्रजितनी तोंडातलं रक्त थुंकलं. "बॉडी बेंचवर लाव, सुनयना," ते म्हणाले. "काटा जे दाखवंल, ते मी बोलतो."

त्या क्षणी मला हरेशपेक्षा त्यांचाच जास्त संताप आला. हरेशला बेंच नको होता, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. पण पोरांनी ऐकलं होतं, आणि गोटीराम म्हणाला, बघू तरी.

मीच बॉडी चढवली. बोल्ट दोनदा खाली पडला. मोटर चालू केली, तेल तापू दिलं. लिव्हर रिव्हर्सला टाकला, काटा वर गेला. न्यूट्रलला आणला. बाकी सगळे काटे शून्यावर होते. रिव्हर्सचा अर्ध्यावर येऊन अडला आणि तिथंच राहिला. हरेश उठून उभा राहिला, बघा म्हणाला, बघितला ना सगल्यांनी? इंद्रजित एवढंच म्हणाले, खोल.

खोलली. रिव्हर्सचा दट्टा भोकातून निघेना. बॉडी लाकडावर आपटली तेव्हा तो सुटून आला, आणि त्याच्या कडेला चेपून बसलेला तांदळाचा दाणा दिसला. तेलानं काळा पडलेला, पण एका बाजूला कुंकवाचा लाल डाग होता. इतके दिवस कुठल्या तरी वळणात पडून राहिला असेल आणि मग तेलानं वाहत आणला असेल. मी तो दट्टा सगळ्यांसमोर धरला.

"शेठ," गोटीराम हळूच म्हणाला, "पाटावरशी उचलली तवा पोता मीच धरलेला."

हरेश त्या दाण्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. त्याचा खालचा ओठ हलायला लागला, आणि मला वाटलं आता हा माणूस रडणार. मला त्याची दयासुद्धा आली. मग त्यानं नखानं दाणा काढला, तोंडात टाकला आणि गिळला.

"काय बी नाय हाय इथं," तो म्हणाला. "धरा त्याला."

आधी कुणी हललं नाही. मग गोटीरामच पुढं झाला आणि तोंड फिरवून त्यानं इंद्रजितचं मनगट दाबून धरलं. दुसऱ्यानं मला भिंतीशी रेटलं. ती प्रेस हातपंपाची होती. एका झटक्यात काही होत नाही, हँडल पुन्हा पुन्हा मारावं लागतं. हरेश मारत राहिला. थांबायला त्याला भरपूर वेळ होता. नुसता राग असता तर थांबलाही असता. पण दाणा सगळ्यांनी बघितला होता.

पोलीस आले तेव्हा आजूबाजूच्या गाळ्यांत कुणी काही पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी मनगटाच्या वरून हात कापून काढला.

दुसऱ्या दिवशी इंद्रजित नीट शुद्धीवर आले. सुजलेल्या तोंडानं त्यांनी पहिलं काय विचारावं? "काम बरोबर होतं, हे बघितलं ना त्यांनी?"

मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. "बघितलं," मी म्हणाले. "सगळ्यांनी बघितलं. आता त्या बघण्याची भाजी करू का?" आणि मला रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना. वॉर्डातली माणसं माना वळवून बघायला लागली.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डोळे पुसायला म्हणून त्यांनी उजवा हात माझ्या तोंडाकडे आणला. नुसतंच बँडेज माझ्या गालाला लागलं. मी ते तसंच गालाशी धरून ठेवलं आणि म्हणाले, "हो, काम बरोबर होतं."